मेलबर्न ते ॲडलेड: ग्रेट ओशन रोड आणि वाईनचा प्रदेश सात दिवसांत स्वतः गाडी चालवत कसा पाहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चमध्ये तुम्ही, पत्नी आणि आई-वडील असे चौघे मेलबर्नला भाड्याची गाडी घेऊन सात दिवसांत ॲडलेडला पोहोचणार आहात. पहिल्याच दिवशी ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके पाहून रात्री वॉर्नंबूल गाठायचे आणि शेवटच्या दोन दिवसांत ॲडलेडजवळच्या मॅकलरेन व्हेल व बरोसा या वाईनच्या प्रदेशांतील शक्य तितक्या वायनरी पाहायच्या, हा आराखडा जमेल का? माझ्या मते तो नकाशावर जमतो, प्रत्यक्षात जमत नाही. या मार्गाने मी दोनदा गेलो आहे आणि पहिल्या खेपेस तुमच्यासारखाच एका दिवसात फार काही बसवण्याचा बेत केला होता. तुम्ही दिवस किलोमीटरवर बेतले आहेत. ते उजेडावर बेतावेत, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे.

टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंतचा ग्रेट ओशन रोड अवघा 243 किलोमीटरचा आहे, त्यामुळे तो चार तासांत सहज उरकेल असे वाटते. मात्र पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात मुख्यतः कुदळ-फावड्याने खोदलेला हा रस्ता कित्येक मैल कड्याच्या कडेकडेने, प्रत्येक खाडीच्या आत वळून पुन्हा बाहेर येत जातो. वेगमर्यादा बऱ्याच ठिकाणी 80 ची असली तरी वळणांमुळे आणि दर दहा मिनिटांनी थांबावेसे वाटणाऱ्या जागांमुळे सरासरी 45-50 च्या वर जात नाही. मागे स्थानिक गाड्यांची रांग लागली, तर डावीकडे दिलेल्या थांब्यात गाडी घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे; तसे न करणाऱ्या पाहुण्यांवर तिथले लोक मनापासून वैतागतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याचा तुमचा बेत मात्र अगदी योग्य आहे, कारण तिथेही वाहने डावीकडून चालतात आणि पश्चिमेला निघाल्यावर समुद्रही डाव्या हाताला राहतो, म्हणजे किनाऱ्यावरच्या बहुतेक थांब्यांसाठी समोरची रांग ओलांडावी लागत नाही.

उजेडाचा मुद्दा दोन कारणांनी येतो. वाईन चाखण्याची दालने, ज्यांना तिथे सेलर डोअर म्हणतात, ती साधारण सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. दुसरे कारण कांगारू. पहिल्या प्रवासात आम्ही मेलबर्नहून एका दिवसात जाऊन परत येण्याचा घाट घातला, दुपारी अडीचला अपॉसल्सपाशी पोहोचलो तेव्हा सहलीच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि परत येताना आतल्या रस्त्यावर अंधार पडला. दिव्यांच्या झोतात एक कांगारू आला, मी ब्रेक दाबला, तो शांतपणे कुंपणापलीकडे गेला. मी सुटकेचा श्वास टाकून पाय उचलला आणि त्याच जागेवरून दुसरा निघाला. तो बंपरपासून हातभर अंतरावरून गेला. एक प्राणी दिसला की मागे आणखी असणार हे धरूनच थांबायचे असते, हे मला तेव्हा कळले. भाड्याच्या गाड्यांच्या काही करारांमध्ये शहराबाहेर रात्री झालेले नुकसान विम्यातून वगळलेले असते, हेही त्यानंतर करार वाचल्यावर समजले. मार्चच्या मध्यावर तिथे सूर्य साधारण पावणेआठला मावळतो. तुम्ही साडेसहापर्यंत मुक्कामी पोहोचाल अशा बेताने प्रत्येक दिवस आखा.

त्या हिशेबाने पहिली रात्र अपोलो बे येथे आणि दुसरी पोर्ट कॅम्पबेल येथे काढावी असे मी सुचवेन. दुसरा दिवस केप ऑटवेच्या जंगलासाठी आणि 1848 साली सुरू झालेल्या दीपगृहासाठी पुरतो. पोर्ट कॅम्पबेल अपॉसल्सपासून जेमतेम 12 किलोमीटरवर असल्याने तिथे मुक्काम केला की तेच दृश्य दोनदा पाहता येते, आणि ते दोनदा पाहण्यासारखेच आहे. संध्याकाळी पश्चिमेकडचे सुळके सूर्याच्या आड काळे दिसतात आणि रंग उमटतो तो पूर्वेच्या, गिब्सन स्टेप्सच्या बाजूला. सकाळी बरोबर उलटे होते, मुख्य रांग पिवळसर-केशरी उजळते आणि तेव्हा बसगाड्या यायच्या असतात. सूर्यास्तानंतर थोडे थांबल्यास खालच्या वाळूवर लहान पेंग्विन समुद्रातून बाहेर येताना दिसू शकतात. दुर्बीण असेल तर जवळ ठेवा. ही एक संध्याकाळ साडेसहाच्या नियमाला अपवाद धरा आणि परतीचे 12 किलोमीटर सावकाश चालवा. नावाप्रमाणे बारा सुळके शोधू नका. तिथे नऊ होते, त्यातला एक जुलै 2005 मध्ये कोसळला. याच किनाऱ्यावरच्या लंडन ब्रिजची जमिनीकडची कमान जानेवारी 1990 मध्ये पडली, तेव्हा दोन पर्यटक समुद्रातल्या उरलेल्या तुकड्यावर अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. लॉक आर्ड घळीत उतरण्यासाठी पायऱ्या आहेत. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच्या सज्जातूनही चांगले दिसते. 1878 साली फुटलेल्या लॉक आर्ड जहाजावरचे टॉम पीअर्स आणि ईव्हा कारमायकल हे दोघेच वाचले. जवळची एक कमान 2009 मध्ये ढासळल्यावर मागे राहिलेल्या दोन खांबांना त्यांचीच नावे देण्यात आली.

किनारा आणि वाईन या दोन वेगळ्या सहली एकत्र बांधल्यासारख्या वाटत असतील, तर त्यांना जोडणारा धागा म्हणजे चुनखडी. समुद्राच्या लाटांनी जिचे सुळके केले, तशाच सागरतळी साचलेल्या चुनखडीवर पश्चिमेला माउंट गँबियर हे शहर आणि कूनावारा हा वाईनचा प्रदेश वसले आहेत. तिसऱ्या दिवशी पोर्ट फेअरीला आरामात पोहोचावे आणि चौथ्या दिवशी पोर्टलंडवरून माउंट गँबियरला. तिथल्या ज्वालामुखीच्या मुखातले ब्लू लेक डिसेंबर ते मार्च गडद निळे असते आणि एरवी करडे पडते, म्हणजे तुमचा महिना साधतो आहे. चुनखडीचे छत कोसळून झालेल्या उंफरस्टन खड्ड्यात आता बाग आहे आणि तीही पाहण्याजोगी आहे. मग 50 किलोमीटरवरच्या, कूनावाराला लागून असलेल्या पेनोलाला मुक्काम करावा.

वाटेत व्हिक्टोरिया राज्याची सीमा ओलांडून तुम्ही साउथ ऑस्ट्रेलियात शिराल, तेव्हा दोन गोष्टी घडतील. घड्याळ अर्धा तास मागे करावे लागेल. वायनरीची वेळ ठरवली असेल तर हे विसरू नका. शिवाय फळमाशीच्या भीतीमुळे फळे आणि भाज्या राज्यात नेण्यावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा आईंनी प्रवासासाठी घेतलेली फळे सीमेआधीच संपवावीत. द्राक्षांच्या बाबतीत ही काळजी आणखी तीव्र आहे. फायलोक्झेरा ही वेलीची मुळे पोखरणारी कीड ऑस्ट्रेलियात प्रथम 1877 साली जीलाँगजवळ सापडली. जीलाँग म्हणजे तुम्ही पहिल्याच दिवशी ओलांडलेले शहर. साउथ ऑस्ट्रेलियात ती आजवर पोहोचलेली नाही, आणि म्हणूनच बरोसामध्ये 1843 साली लावलेल्या शिराझ जातीच्या द्राक्षवेली अजून फळ देतात. बुटांच्या तळाला चिकटलेल्या मातीतूनही कीड जाऊ शकते, त्यामुळे छायाचित्रासाठी विचारल्याशिवाय द्राक्षांच्या ओळीत शिरू नये. सेलर डोअरवरच्या बाईंनी आमच्या मित्राला हे इतक्या सौम्य शब्दांत सांगितले की त्याला अधिकच शरमल्यासारखे झाले.

तुमच्या यादीत कूनावारा नाही, ते मी आवर्जून घालीन. जेमतेम 15-20 किलोमीटर लांब आणि दोनेक किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात चुनखडीवर लाल मातीचा पातळ थर आहे, त्याला टेरा रोसा म्हणतात, आणि तिथली काबर्ने सोव्हिन्यों ही या देशातल्या उत्तम वाईनमध्ये गणली जाते. रस्ता सरळ आहे, वायनरी एकमेकींना लागून आहेत आणि मॅकलरेन व्हेलपेक्षा गर्दी पुष्कळ कमी असते. एका वायनरीच्या अंगणात मातीचा उभा छेद उघडा ठेवलेला मी पाहिला: वर गेरूसारखी लाल माती, खाली एकदम पांढरा दगड आणि त्याच्या भेगांत उतरलेली बोटाएवढी मुळे. तोपर्यंत टेरा रोसा हा मला जाहिरातीतला शब्द वाटत असे.

आता सर्वांत अवघड प्रश्न, गाडी कोण चालवणार. दोन्ही राज्यांत रक्तातील मद्याची मर्यादा 0.05 आहे आणि पोलीस कोणतीही शंका नसताना कुणालाही थांबवून श्वासचाचणी घेऊ शकतात. चाखायला देतात ते घोट लहान, साधारण 30 मिलिलिटरचे असतात, पण हिशेब करून पाहा: तीन वायनरींत प्रत्येकी सहा वाईन चाखल्या तर 540 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पाऊण बाटली होते. तिथल्या मोजणीनुसार सुमारे 100 मिलिलिटर वाईनमध्ये एक प्रमाणित पेय, म्हणजे 10 ग्रॅम मद्यार्क असतो. या मापाने ती पाच-सहा पेये झाली. पत्नीही गाडी चालवतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा कूनावाराचा दिवस एकाने आणि मॅकलरेन व्हेलचा दुसऱ्याने कोरडा पाळावा, आणि दोघांचीही नावे करारात चालक म्हणून नोंदवावीत. तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरणे मुळीच असभ्य मानले जात नाही. तरी ज्याच्या हाती चावी आहे त्याने तेवढ्यावरही विसंबू नये. दिवसाला तीनहून अधिक वायनरी ठरवू नका, चौथीत काही कळेनासे होते. चौघांसाठी आधी वेळ नोंदवलेली बरी. चाखण्याचे शुल्क पुष्कळ ठिकाणी बाटली घेतल्यास वजा होते. घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सोडू नका.

पाचव्या दिवशी दुपारनंतर रोब या किनाऱ्यावरच्या गावी जावे, आणि सहाव्या दिवशी लवकर निघावे, कारण तो दिवस सर्वांत लांब, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा आहे. किंग्स्टनला टाकी भरून घ्या, पुढे कूराँगच्या खाजणाकाठी वस्ती फार विरळ आहे. मेनिंगीनंतर वेलिंग्टन येथे मरे नदी तराफ्यावरून विनामूल्य ओलांडता येते. गाडीसकट पाण्यावरून सरकण्याची ती पाच मिनिटे आई-वडिलांना नक्की आवडतील. तिथून लँगहॉर्न क्रीकच्या द्राक्षबागांमधून मॅकलरेन व्हेल गाठता येते, आणि सातव्या दिवशी तिथे दोन वायनरी पाहून संध्याकाळपूर्वी सुमारे 40 किलोमीटरवरच्या ॲडलेडला गाडी परत देता येते.

गाडीविषयी थोडेच सांगतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे शुल्क लागते, ते आधी विचारा. मेलबर्नच्या टोलरस्त्यांवर रोख पैसे घेणारी खिडकी नसते, म्हणून गाडीच्या टोलची व्यवस्था कशी आहे हे ताब्यात घेतानाच ठरवा. विमा घेताना पुढच्या काचेचा उल्लेख शोधा. माझ्या काचेला समोरच्या ट्रकखालून उडालेला खडा लागला आणि काच विम्यात धरलेली नाही हे मला गाडी परत देताना सांगण्यात आले.

या आखणीत बरोसा बसत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. सात दिवसांत मी ते गाळीन, कारण त्यासाठी पोर्ट कॅम्पबेलची किंवा पेनोलाची रात्र सोडावी लागेल. आठवा दिवस मिळाला तर ॲडलेडला गाडी परत देऊन टाका आणि तिथून एका दिवसाच्या सहलीच्या वाहनाने 70-75 किलोमीटरवरच्या बरोसाला जा. त्या दिवशी तुम्हा दोघांपैकी कुणालाच कोरडे राहावे लागणार नाही.