टकटक कुठून येतेय ते आधी शोधा

स्वतः बांधलेली गाडी सुरू झाली, अभिनंदन! आता इंजिनमधून टकटक आवाज आला म्हणून लगेच हेड (सिलिंडरवरचा भाग) उघडू नका. नवशिक्यांची पहिली चूक हीच.

- डिपस्टिकवर ऑइल बघा.
- फॅनबेल्ट काढून फक्त अर्धा मिनिट इंजिन चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा वॉटरपंपाचं बेअरिंग.
- लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. बाह्या मात्र बेल्टपासून लांब! वरची हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). खालून जड ठोका आला तर इंजिन तिथेच बंद करा.

आणि सायलेन्सरचा पाइप चासीला टेकत नाही ना? मी माझ्या बग्गीचे टॅपेट तीनदा सेट केले. निघालं काय, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) फुटकं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी. गार असताना टिकटिक, तापल्यावर गप्प. शेजारी काजळीचा बोटभर डाग.