मणक्यातल्या गाठी काढणारी सर्जन व्हायचंय, रस्ता कुठला?

उदगीरहून एका पालकांनी लिहिलंय: "मुलगी बारावीत आहे, लातूरला नीटचे क्लास चालू आहेत. गेल्या वर्षी तिच्या मामीच्या मणक्यातली गाठ पुण्यात दुर्बिणीतून काढली. एवढीशी चीर, चौथ्या दिवशी घरी. तेव्हापासून हिचं एकच पालुपद, मला हेच ऑपरेशन करणारी डॉक्टर व्हायचंय. कोर्स कुठला, वर्षं किती, आणि मुलीला हे झेपेल का? घरचे म्हणतात, लग्नाचं वय निघून जाईल."

नमस्कार. आधी वर्षांचं बोलू, तुमची खरी धाकधूक तिथेच दिसते.

इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. सरकारी कॉलेज मिळालं तर त्यावर बाँडची सेवा. मग पुढच्या पदवीसाठीची प्रवेश परीक्षा, नीट पीजी, आणि तिथून वाटा फुटतात. एमएस ऑर्थो (हाडांची सर्जरी) तीन वर्षं आणि त्यापुढे स्पाइनची, म्हणजे मणक्याची, फेलोशिप ही एक. नॅशनल बोर्डाची अशी फेलोशिप, एफएनबी स्पाइन सर्जरी, दोन वर्षांची आहे. दुसरी न्यूरोसर्जरीची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या सर्जरीची: एमएस जनरल सर्जरी, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची परीक्षा देऊन तीन वर्षांचं एमसीएच. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं न्यूरोसर्जरीचं डीआरएनबी, म्हणजे नॅशनल बोर्डाची पदवी, हेही करता येतं. कुठूनही गेली तरी स्वतःच्या जबाबदारीवर अशी गाठ काढेपर्यंत ती 32 ते 34 वर्षांची झालेली असेल. मध्ये एखादी परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर आणखी पुढे. पीजीपासून स्टायपेंड मिळतो, त्यामुळे ही सगळी वर्षं तुमच्या खिशातून जाणार नाहीत.

आता मामीच्या ऑपरेशनकडे येतो, कारण मुलीची निवड त्यावर उभी आहे. दुर्बिणीचं म्हणून जे सांगितलं जातं त्यात दोन पद्धती असतात. एकीत साधारण दोन सेंटिमीटर रुंद नळी पाठीत बसवतात आणि मायक्रोस्कोप बाहेर राहतो. दुसरीत एक सेंटिमीटरहूनही लहान छिद्रातून कॅमेराच आत जातो आणि सलाइनचं पाणी सतत सोडत काम चालतं. ही खरी एंडोस्कोपी. ती सरकलेल्या गादीसाठी चांगली रुळली आहे. गाठींसाठी मात्र अजून निवडक रुग्णांतच वापरली जाते. मामींचं ऑपरेशन पहिल्या प्रकारचं असण्याचीच शक्यता जास्त.

असं का, ते टेबलापाशी उभं राहिलं की कळतं. सी-आर्मच्या एक्स-रेवर मणके मोजून नेमकी पातळी पक्की करतात. एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून स्नायू न कापता बाजूला सारतात, मणक्याचं थोडं हाड ड्रिलने घासतात आणि मज्जारज्जूचं आवरण, म्हणजे ड्यूरा, उघडतात. गाठ श्वानोमा प्रकारची असेल तर ती नसेच्याच आवरणातून वाढलेली असते. मग त्या नसेला विजेचा अगदी सौम्य स्पर्श देऊन पायाचे स्नायू प्रतिसाद देतात का ते पाहतात. दिला, तर ती नस वाचवायची. गाठ आतून पोखरून लहान केली की कवच सोडवता येतं. त्यानंतरचं काम अनेकांना सगळ्यात अवघड वाटतं: ड्यूरा पाणी गळणार नाही इतका घट्ट शिवायचा. उभट पेल्याच्या तळाशी लांब चिमट्यांनी टाके घालून बघा, म्हणजे अंदाज येईल. एंडोस्कोपच्या छिद्रातून ते आणखी कठीण. आणि रक्तस्राव आवरेना, किंवा गाठ मज्जारज्जूला चिकटलेली निघाली, तर चीर वाढवून मोठं ऑपरेशन करावं लागतं. ते ज्याच्या हातात मुरलेलं नाही, त्याने छोट्या छिद्रातून आत जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मुलीला सांगा, उपकरणावर करिअर ठरवू नकोस. ती तयार होईपर्यंत आजची यंत्रं जुनी झालेली असतील. आजार धरून चल. गाठींमध्येच रस टिकला तर न्यूरोसर्जरी बरी, कारण ड्यूराच्या आतल्या गाठी आपल्याकडे मुख्यतः न्यूरोसर्जनच काढतात. हाडाच्या गाठी, फ्रॅक्चर, बाक आलेली पाठ यांत मन रमलं तर ऑर्थो. आणि मणक्यात सर्वाधिक आढळतात त्या दुसरीकडच्या कॅन्सरमधून पसरलेल्या गाठी. तिथे ऑपरेशन करायचं की रेडिएशनवर भागेल, हे ठरवण्यातच अर्धी कसोटी असते.

झेपेल का? देशातल्या सुरुवातीच्या महिला न्यूरोसर्जनपैकी एक, डॉ. टी. एस. कनका यांनी मद्रासहून 1968 मध्ये न्यूरोसर्जरीचं एमसीएच केलं, तेव्हा परिस्थिती आजच्यापेक्षा फार कठीण होती. आजही या शाखेत बायका कमीच आहेत. तासन्‌तास उभं राहणं, अंगावर शिशाचा जड एप्रन, रात्री-बेरात्रीचे कॉल हे सगळं आहे. गरोदरपणात एक्स-रेपासून जपावं लागतं, त्याची सोय विभागाला आधी सांगून करून घ्यावी लागते. लग्नाचं म्हणाल तर रेसिडेन्सीत लग्न करणाऱ्या मुली काही कमी नाहीत. फक्त समोरच्या घराला ड्यूटीचं वेळापत्रक आधी दाखवा.

नीटच्या फॉर्मवर न्यूरो की ऑर्थो असा रकाना नसतो. आत्ता सगळा जोर सरकारी जागा मिळण्याइतक्या गुणांवर असू द्या. हुकली तर एकदा रिपीट करायला हरकत नाही, तिसऱ्यांदा मी सुचवणार नाही. एमबीबीएस जमलंच नाही आणि मज्जासंस्थेचीच ओढ असेल तर ऑपरेशन चालू असताना नसांचे संकेत स्क्रीनवर तपासत बसणारे न्यूरोमॉनिटरिंगचे तंत्रज्ञ असतात. तिकडे पॅरामेडिकल पदवीनंतर प्रशिक्षण घेऊन जाता येतं. एमबीबीएसला लागली तर इंटर्नशिपमधली ऐच्छिक पोस्टिंग न्यूरोसर्जरीला घे म्हणावं, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा.