रूमवर चौघं आणि चौघंही फोनमध्ये: माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा शिरपूरहून नाशिकला इंजिनिअरिंगला आलाय, पहिलं सेम संपलं तरी एक मित्र नाही, रूमवर चौघं राहतात आणि चौघंही आपापल्या फोनमध्ये, म्हणून तुम्ही विचारताय की स्मार्टफोन काढून घेऊन साधा बटणांचा द्यावा का. माझं मत, नका काढून घेऊ. मी सतरा वर्षं गंगापूर रोडला कॉलेजच्या मुलांची मेस चालवते, दोन्ही वेळेला साठेक पोरं जेवतात, तेव्हा जे रोज बघते तेच सांगते.

आधी काय व्हायचं, रात्री आठ-साडेआठला गर्दी, ताटात भाजी वाढलेली आणि पोळी अजून तव्यावर. पोरं वाट बघत बसायची, मग करणार काय, समोरच्याशी बोलायची. कुठला रे तू, कुठली ब्रँच, एम थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, निघाला का, सबमिशन झालं का. माझ्याकडे ज्या मैत्र्या झाल्या ना त्या सगळ्या त्या पाच मिनिटांत झाल्या. एक मालेगावचा आणि एक पेठचा असेच पोळीची वाट बघताना ओळखीचे झाले, आज दोघांचं अंबडला मिळून वर्कशॉप आहे. २०१६ च्या शेवटी डेटा जवळजवळ फुकट झाला आणि ती पाच मिनिटंच गेली. पोळी येईपर्यंत प्रत्येकाची मान खाली. आणि कोरोनात दोन वर्षं घरून लेक्चर केलेली बॅच आली तेव्हा काही पोरं "काकू अजून एक पोळी" हे पण व्हॉट्सअपवर टाकायची, मी पाच फुटांवर उभी असताना. मला फार वाईट वाटलं, कारण ती उद्धट नव्हती, खरंच तोंडातून शब्द निघत नव्हता.

माझी भाची सायकॉलॉजीला आहे, तिने मला यावरचे दोन अभ्यास समजावून सांगितले. एक कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, २०१८ मध्ये छापून आलेला. तीनशेच्या वर लोकांना मित्रांबरोबर नाहीतर घरच्यांबरोबर हॉटेलात जेवायला बसवलं, काहींचे फोन टेबलावर, काहींचे बाजूला ठेवलेले. फोन समोर होता त्यांचं लक्ष जास्त उडालं आणि जेवणाची मजा थोडी कमी आली. थोडीच हं, फार मोठा फरक नाही, हे पण सांगायला हवं. दुसरा २०१९ चा, तो मला जास्त पटला. अनोळखी लोकांना दोघं-दोघं करून एका खोलीत नुसतं थांबायला सांगितलं, काही जोड्यांकडे फोन, काहींकडे नाही. फोनवाले एकमेकांकडे बघून कमी हसले. म्हणजे पोळीची वाट बघणाऱ्या माझ्या पोरांचीच गोष्ट की ही! ओळख व्हायला आधी असा रिकामा वेळ लागतो, आणि फोन नेमका तोच खातो. ज्यांची ओळख आधीच आहे ते फोन बघत बघत पण बोलतात, नव्या पोराचं मात्र अवघड होतं.

मी पण आधी जबरदस्तीच केली होती. दारात टोपली ठेवली, फोन यात टाका मग जेवा. आठवडाभरात पोरं पाच मिनिटांत जेवून पळायला लागली, चार जणांनी मेस सोडली. मग टोपली काढली आणि दुसरंच केलं. भिंतीकडे तोंड करून असलेली टेबलं ओढून समोरासमोर लावली, आणि चटणी, कांदा, ताकाचा जग प्रत्येकाला वेगळा न देता टेबलाच्या मधोमध ठेवला. आता ताक हवं तर समोरच्याला म्हणावंच लागतं. एवढ्याने सगळे बोलके झाले असं नाही, पण आवाज परत आला.

फोन नुसता वाईट असंही नाही. सुरगाण्याची एक मुलगी होती, घरी कोकणी, म्हणजे तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली, बोलायची, आपल्या मराठीला पोरी हसतील म्हणून दोन महिने गप्प. मेसच्या ग्रुपवर तिने एकदा नागलीच्या भाकरीचा फोटो टाकला, पोरींनी विचारलं कशी करतात, आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या किचनमध्ये उभं राहून सगळ्यांना दाखवत होती. तो फोन काढून घेतला असता तर ती गप्पच राहिली असती.

म्हणून तुम्ही असं करा. पुढच्या वेळी डब्यात त्याच्या एकट्यापुरतं देऊ नका, चौघांना पुरेल एवढं द्या, आणि भाजावं लागेल असं द्या, कच्चे बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, द्या. गॅसपाशी एक भाजणार, तिघं वाट बघणार. रूममधला कोणी खान्देशातला असेल तर मुलाला सांगा त्याच्याशी अहिराणीतच बोल, घरची भाषा कानावर पडली की माणूस लवकर मोकळा होतो. रविवारी सकाळी पांडवलेणीला जाऊ दे चौघांना, पायऱ्या चढताना फोन खिशातच राहतो. आणि तुम्ही रोज रात्री व्हिडिओ कॉल करता ना, तो नेमका जेवायच्या वेळी करू नका, हे मी हात जोडून सांगते. बऱ्याच आया तोच वेळ धरतात, आणि लेकरू ताट समोर ठेवून अर्धा तास आईशी बोलतं, शेजारचा उठून जातो.

त्याची रूम कुठल्या भागात आहे, आणि रूमवर गॅस आहे का, तेवढं कळवा.