जिम्नी उंच करायची, पण स्टिअरिंगचा खर्च कुठे धरलाय?

प्रश्न थोडक्यात असा: चाकणला नोकरी, करपात्र उत्पन्न साडेतेरा लाख, हातात महिन्याला ९० हजार. दोन वर्षांपूर्वी साडेनऊ लाखांचं कर्ज काढून पाच दरवाजांची जिम्नी घेतली; कर्जाचे ७ लाख ४० हजार बाकी आहेत आणि हप्ता १५,४५० आहे. वेल्ह्याला शेत आहे. पाणंदीतल्या बांधावर गाडीचं पोट घासतं, पावसाळ्यात चाकं जागच्या जागी फिरतात. शिवाय महिन्यातून एखादा रविवार मित्रांबरोबर ऑफरोडिंगला जातो. गॅरेजने गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचं १ लाख ३५ हजारांचं कोटेशन दिलंय. पावसाळ्याआधी काम व्हावं म्हणून दीड लाखाचं पर्सनल लोन काढू, की दिवाळीच्या १ लाख २० हजारांच्या बोनसची वाट पाहू?

नमस्कार,

कोटेशनचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत, कारण माझं अर्धं उत्तर त्या कागदातच आहे. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर ७४ हजार, २१५/७५ आर१५ मापाचे पाच टायर ५२ हजार, मजुरी ९ हजार. त्याखाली पेनाने लिहिलंय, ‘स्टिअरिंग करेक्शन : गरज पडल्यास, वेगळे’. त्यापुढे आकडा नाही. तुम्हीही पत्रात म्हणता, ‘स्टिअरिंग थोडं हलकं होतं म्हणतात, ते नंतर बघू’.

ते नंतर बघण्यासारखं नाही. जिम्नीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा सरळ अ‍ॅक्सल आहे आणि तो लांब आर्मवर, म्हणजे चेसिसपासून येणाऱ्या दांड्यांवर, टेकलेला असतो. उंच स्प्रिंग टाकली की आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. सायकलचं हँडल सोडलं तरी ती सरळ जाते, त्यात पुढच्या चिमट्याच्या तिरकेपणाचा मोठा वाटा असतो. गाडीत तेच काम कॅस्टर करतो. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मागे येत नाही आणि हायवेवर गाडी सतत सावरत चालवावी लागते. जिम्नीत हा कोन अलाइनमेंटच्या मशीनवर दुरुस्त होत नाही. त्यासाठी आर्ममधले बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) प्रेसवर काढून मध्यापासून सरकलेल्या भोकाचे बुश बसवावे लागतात, नाहीतर आर्मच बदलावे लागतात.

तेवढ्यानेही भागत नाही. अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा लॅटरल रॉड उंचीमुळे तिरका होतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. ड्रॅग लिंकची, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याची, लांबी पुन्हा जुळवावी लागते. ती जुळवली नाही, तर गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग वाकडं दिसतं आणि गाडी घसरू न देणाऱ्या ईएसपी यंत्रणेला वाटतं की तुम्ही वळताय. ब्रेकच्या होजची (रबरी नळीची) लांबी पुरते का, तेही तपासावं लागतं. आणि कोणी फक्त स्टिअरिंग डॅम्पर लावून देतो म्हणाला तर ऐकू नका. डॅम्पर थरथर दाबतो, पण बिघडलेला कोन आहे तसाच राहतो.

तुम्ही चाकणहून हायवेने नसरापूर फाट्यापर्यंत येऊन वेल्ह्याला वळणार, मागे तुमची मुलगी बसलेली असणार. ज्या लिफ्टबरोबर स्टिअरिंग दुरुस्त करायला पैसे नाहीत, ती लिफ्ट आज तुमच्या ऐपतीतली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आता हे ७४ हजार नेमके कशाला जातात ते पाहू. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, अ‍ॅक्सलवरच असतो, त्यामुळे स्प्रिंगने बॉडी वर उचलली जाते, डिफरन्शियल आहे तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायर मोठा हवा. कंपनीचा टायर १९५/८० आर१५ मापाचा आहे. त्याच्या जागी २१५/७५ घातला, तर व्यास जेमतेम १० मिलिमीटरने वाढतो आणि डिफरन्शियल ५ मिलिमीटर वर जातो. लिफ्टचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पाच दरवाजांच्या जिम्नीचा रॅम्प ब्रेकओव्हर कोन (पोट न घासता उंचवटा ओलांडायचा कोन) २४ अंश आहे, तो सुधारतो आणि बांधावर पोट घासायचं कमी होतं. पण तो बांध तुमच्या स्वतःच्या पाणंदीत आहे. दोन्ही बाजूंना मुरूम टाकून चढ निवांत करून घेतला, तर तिथून तुमची गाडी जाईल, ट्रॅक्टर जाईल आणि शेजाऱ्याची बैलगाडीसुद्धा जाईल.

चाकं जागच्या जागी फिरतात, त्यावर स्प्रिंगचा काही इलाज नाही. ते काम टायरचं आहे. कंपनीच्याच मापात ऑल-टेरेन, म्हणजे माती-चिखलातही पकड धरणारे, टायर मिळतात का, ते दोन-तीन दुकानांत विचारा. माप तेच राहिलं तर स्पेअर बदलायची गरज नाही, चार टायर पुरतात. तुमच्या कोटेशनच्या भावाने ते ४१,६०० होतात. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवा, चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, ४एल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर, टाका आणि रस्त्याला लागायच्या आधी हवा पुन्हा भरा. शेतापर्यंत जायला एवढं पुरेसं होईल असं मला वाटतं.

माझी झोप उडवणारा मुद्दा मात्र वेगळा आहे. वॉरंटी संपली म्हणजे आता मोकळे, असं तुम्ही लिहिलंय. कायदा आणि विमा यांतून तुम्ही मोकळे झालेले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्रांच्या गाड्या वर्षानुवर्षं अशाच फिरतात, हे मला माहीत आहे. दंडाचे ५ हजार तुम्ही सहज भराल, त्याचीही मला काळजी नाही.

काळजी अपघाताची आहे. मोठा अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघणार आणि रंगीत स्प्रिंग त्याला पहिल्याच नजरेत दिसणार. न कळवलेला बदल हे ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दावा नाकारायला किंवा कापायला कारण ठरू शकतं, आणि सस्पेन्शन-स्टिअरिंगमधला बदल तर थेट अपघाताच्या कारणाशी जोडला जातो. गाडी भंगारात गेली तरी बँकेचे ७ लाख ४० हजार द्यावेच लागतील. तुमच्या एफडीत आहेत १ लाख ४० हजार. कोटेशन एक लाख पस्तीस हजारांचं असलं, तरी पणाला लागते आहे ती सगळी गाडी, पुढची पाच वर्षं चालणाऱ्या हप्त्यांसकट.

लोनचा हिशेब सोपा आहे. दीड लाख, १४ टक्के, तीन वर्षं, म्हणजे महिन्याला ५,१२७ चा हप्ता आणि एकूण साधारण साडेचौतीस हजार व्याज, प्रोसेसिंग फी वेगळी. स्टिअरिंगसाठी हाताशी राहणार १५ हजार, तेही त्या ओळीपुढे आकडा नसताना. छंदासाठी पर्सनल लोन नको. बोनसमधूनही टीडीएस कापला जाईल. नव्या करप्रणालीत तुमचा वरचा टप्पा २० टक्क्यांचा, सेस धरून २०.८, म्हणजे १ लाख २० हजारांतले ९५ हजार हातात पडतील.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. घरखर्च ४८ हजार, गाडीचा हप्ता १५,४५०, एसआयपी १० हजार. ९० हजारांतून महिन्याला साडेसोळा हजार उरायला हवेत. दोन वर्षांत ते चार लाखांच्या जवळ गेले असते. एफडी मात्र १ लाख ४० हजारांचीच आहे. बाकीचे पैसे कुठे गेले ते बँकेच्या स्टेटमेंटवरून शोधा, नवरा-बायको दोघांनी बसून. घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून सहा महिन्यांचे ३ लाख ८० हजार होतात, तेवढे तरी बाजूला हवेत. आज तुमच्याकडे जेमतेम सव्वादोन महिन्यांचे आहेत आणि मुलगी लहान आहे.

तेव्हा असं करा. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत पगार झाला की दुसऱ्याच दिवशी साडेसोळा हजार वेगळ्या खात्यात टाका. मेअखेर जवळपास पन्नास हजार जमतील, त्यातून चार टायर आणि कॉम्प्रेसर घ्या; पाऊस सुरू व्हायच्या आत गाडी तयार होईल. जमले नाहीत, तर लोनचे ५,१२७ दरमहा कुठून देणार होतात याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असेल. दिवाळीचे ९५ हजार पूर्ण एफडीत जाऊ द्या. पुढे महिन्याला १० हजारांची रिकरिंग सुरू केलीत, तर साधारण सव्वा वर्षात ३ लाख ८० हजारांचा टप्पा गाठता येईल. एसआयपी बंद करू नका.

त्यानंतरही लिफ्टची ओढ राहिली तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, गाडीवरचं तुमचं प्रेम पत्रातून कळतं. पण कायद्याची अडचण पैसे साठवून सुटत नाही, हे लक्षात असू द्या. या आठवड्यात दोन कामं करा. विमा कंपनीला ईमेल पाठवून विचारा की स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि टायरचं माप बदललं तर पॉलिसीवर काय परिणाम होईल, आणि उत्तर लेखीच मागा. गॅरेजवाल्याला सांगा की बुश, लॅटरल रॉड, ड्रॅग लिंक, होज आणि अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट, सगळ्यांचे आकडे घालून कोटेशन पुन्हा द्या. दोन्ही कागद आले की मला पाठवा.