एकच बोट सुजलंय, आर ए निगेटिव्ह आलंय, मग काही नाही असं समजायचं का?

प्रश्न : डॉक्टर, मी डिचोलीची, वय ३६, शाळेत शिकवते. चवथीच्या आधीपासून उजव्या पायाचं एक बोट आणि हाताचं एक बोट सुजलंय, खडू धरवत नाही, सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, तासभराने जरा मोकळं होतं. आर ए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, म्हणून घरचे म्हणतात चिकुनगुनिया होऊन गेला असणार. बाबा ६४ वर्षांचे, त्यांना २० वर्षं सोरायसिस आहे आणि हाताची बोटं आता वाकडी झालीत. मला फक्त डोक्यात कोंडा आहे. याचा काही संबंध असेल का? बाबांना आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, संबंध असू शकतो, आणि तुमच्या पत्रातली बाबांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. हा सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसशी जोडलेला सांध्यांचा आजार, असू शकतो. याच्यासाठी २००६ साली कॅस्पार म्हणून निकष ठरले, मुळात ते संशोधनासाठी आहेत पण विचार करायला बरे पडतात. सांध्याला सूज आहे हे धरून पुढे तीन गुण लागतात. जवळच्या नात्यात सोरायसिस असेल तर एक, अख्खं बोट सॉसेजसारखं फुगलं तर एक, आणि आर ए निगेटिव्ह आलं तरी एक. म्हणजे ज्या रिपोर्टमुळे सगळे निश्चिंत झाले तोच इथे तुमच्या बाजूने बोलत नाहीये! आणि तो कोंडा खरंच कोंडा आहे का ते स्किनच्या डॉक्टरला दाखवा, डोक्यात जाड खवले सुटत असतील तर तो सोरायसिस असू शकतो. कानामागे, बेंबीत, नितंबांच्या फटीतही बघायला सांगा, लाजू नका. नखं उजेडात धरून बघा, अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे आहेत का, नख खालून सुटतंय का. चिकुनगुनियानेही सांधे महिनोन् महिने दुखतात, हे खरं, पण त्याने नखात खड्डे पडत नाहीत. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही.

नुसत्या पेनकिलरवर महिने काढू नका. दुखणं कमी वाटतं पण आत हाड कुरतडलं जात असतं. सहा महिने उशीर झाला तरी सांध्याचं नुकसान जास्त होतं असं अभ्यासांत दिसलंय. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जवळच्या फिजिशियनकडे जाऊन रूमेटॉलॉजिस्टला (संधिवाताच्या तज्ज्ञाला) दाखवायचं आहे असं स्पष्ट सांगा.

बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट ही आजार आवरणारी गोळी सुरू करतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, हे मी दोनदा लिहितो, रोज नाही. चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर गोल करा. सोबत फॉलिक ॲसिड, मधूनमधून रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या, दारू नको, आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा कारण गरोदरपणात ही चालत नाही. फरक पडायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून दोन आठवड्यांत सोडू नका. टाच आणि पाठीच्या मणक्याच्या दुखण्यावर मात्र ही गोळी फारशी चालत नाही, तिथे आधी पेनकिलर, आणि नाहीच जमलं तर बायोलॉजिक इंजेक्शनं (सूज वाढवणारे शरीरातले ठरावीक घटक अडवणारी औषधं) लागतात. वजन जास्त असेल तर कमी केल्याने औषधही नीट लागू पडतं.

आता बाबांचं. वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत, हे खोटं बोलून उपयोग नाही. पण काहीच करता येत नाही हेही चूक. सकाळी हात आखडतात का, सांधे गरम, सुजलेले आहेत का ते बघा, असतील तर आजार अजून जागा आहे आणि तो थांबवता येतो, उरलेली बोटं वाचतात. बायोलॉजिक देण्याआधी लपलेला टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासतात, ते टाळू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या कोणी देत असेल तर स्वतःहून एकदम थांबवू नका, कातडी भयंकर उसळू शकते, डॉक्टरांच्याच हाताने कमी करायच्या. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलही बघा, या आजारात हृदयाला धोका वाढतो. फिजिओथेरपीवाल्याकडून बटण लावणं, पेला धरणं यासाठी हाताचे व्यायाम शिकून घ्या.

अपॉइंटमेंटला जाताना दोघांनीही एकत्र जा, आणि सुजलेल्या बोटाचा सकाळचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, दुपारी ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज थोडी उतरलेली असू शकते.