बैठकीला जा, पण एकट्या जाऊ नका

प्रश्न : ताई, सहा वर्षांपासून मी डोक्याच्या गोळ्या घेते. आता बरी आहे, शेतात जाते, घरचं सगळं पाहते. मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘पेशंटच्या बाजूनं बोलायला रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीला या.’ घरी सांगितलं तर मालक म्हणाले, ‘एवढे दिवस झाकून ठेवलं, आता चव्हाट्यावर आणते का? पोरगी लग्नाची आहे.’ मी आठवी शिकलेली. तिथं सरपंच, डॉक्टर, साहेब लोक. मी काय सांगू? जाऊ की नको?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्या खुर्चीची तुम्हाला भीती वाटते, तिच्यावर मी बसलेली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना मला आजार झाला. लिथियमच्या, म्हणजे मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या सुरू होऊन 14 वर्षं झाली.

मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मागच्या रांगेत बसवलं, रजिस्टरवर सही घेतली, चहा दिला. गळक्या छपराचं बोलणं झालं आणि सगळे उठले. मला एका शब्दानं कोणी विचारलं नाही. घरी येऊन मी खूप रडले. म्हणून तुम्हाला नुसतं ‘जा’ असं सांगणार नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघं पेशंट सोबत गेलो. आधी एका घरी बसून काय बोलायचं ते ठरवलं. मी उन्हाळ्याचं सांगितलं. एका वैशाखात माझे हात असे थरथरू लागले की खडू धरवेना. उलट्या, चालताना झोक जायचा. ऊन लागलं म्हणून शेजारणीनं कांद्याचा रस चोळला. रक्त तपासलं तेव्हा लिथियम वाढलेलं निघालं. घामातून पाणी आणि मीठ गेलं की हे औषध अंगात साठत जातं. डॉक्टरांना हे चांगलं माहीत होतं. पण सकाळची शाळा सुटल्यावर मी अकराच्या उन्हात चार किलोमीटर पायी येते, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी मागणी केली की उन्हाळा लागण्याआधी लिथियमवरच्या प्रत्येकाचं रक्त तपासा, आणि पाण्याचं, मिठाचं समजावून सांगा. (हातपाय थरथरले तर गोळी मनानं कमी-जास्त करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

आमच्यातल्या एका भाऊंनी कापसाचं सांगितलं. त्यांच्या कागदावर ‘औषध सोडले’ असा शेरा होता. त्यांनी औषध सोडलं नव्हतं. दिवाळीनंतर वेचणी लागते, आणि मानसोपचाराची ओपीडी मंगळवारी. त्या दिवशी दवाखान्यात गेलं तर मजुरी बुडते, वर ऑटोचं भाडं. ते म्हणाले, ‘साहेब, वेचणीआधी दोन महिन्यांच्या गोळ्या द्या, मग पाहा मी सोडतो का.’ तीन बैठका मागे लागावं लागलं, पण ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना आता तशा मिळतात. ओपीडीत नाव मोठ्यानं पुकारतात, ते मात्र अजून बंद झालेलं नाही. त्यासाठी आम्ही भांडतोच आहोत.

आठवी शिकल्यानं काही अडत नाही, ते याच्यासाठी. गोळीनं सकाळी डोळे उघडत नाहीत, रांगेत ओळखीचं कोणी भेटलं की परत फिरावंसं वाटतं, हे तुम्हीच सांगू शकता. नेपाळच्या चितवन जिल्ह्यात तर पेशंटनी आपल्या जगण्याचे फोटो काढले आणि प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात उभं राहून आपली गोष्ट सांगितली. त्यांना त्याआधी शिकवून तयार केलं होतं. ही तयारीच आपल्याकडे कोणी करून घेत नाही.

आणि तुम्हाला बोलावलं म्हणजे कोणी उपकार केले असं समजू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला 2018 मध्ये. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसांच्या प्रतिनिधींसाठी दोन जागा त्यात ठेवल्या आहेत. घरी सांभाळ करणाऱ्यांसाठी आणखी दोन. कायदा राज्याला जे सांगतो, ते तालुक्यानं का करू नये?

आता तुमच्या मालकांचं. त्यांना दोष देऊ नका. सोयरीक मोडलेली घरं मी पाहिली आहेत, त्यांची भीती खरी आहे. आजाराची माहिती गुप्त राहणं हा तुमचा हक्क आहे आणि तुमच्या संमतीशिवाय फोटो वर्तमानपत्राला देता येत नाही. डॉक्टरबाईंना आधीच बजावा, बैठकीचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही. तरीही जीव धजत नसेल तर बैठकीला जाऊ नका. डॉक्टरबाईंना म्हणा, ओपीडीच्या दिवशीच आम्हा चार-पाच जणांना दार लावून अर्धा तास बसवा, आम्ही सांगतो, तुम्ही लिहून न्या. आम्हीही आमच्याकडे काही दिवस असंच केलं होतं. मालकांना सोबत घेऊन या, ते तुमचा सांभाळ करतात म्हणजे त्यांच्याजवळही सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

गेलात तर निदान एक बाई सोबत असू द्या. ऑटोचं भाडं आणि बुडालेली मजुरी आधीच मागा. बाकीचे सगळे पगारी वेळेत बसलेले असतात, तुम्ही तेवढ्या रोज पाडून येता. मागण्या दहा नेऊ नका, एकच न्या, जी तुम्हाला स्वतःला छळते ती. बोलून झालं की तिथंच विचारा, ‘हे इतिवृत्तात लिहिलं का? वाचून दाखवा.’ मी पहिल्या वेळी हे विचारलं नव्हतं. नंतर पाहिलं, तर त्या दिवशीच्या पानावर माझी सही होती आणि खाली छपराचा ठराव.

बैठक कोणत्या वारी आहे ते कळवा. तुमची एक मागणी कोणती, तेही लिहा. कशी मांडायची ते आपण दोघी मिळून ठरवू.