पहिल्या महिन्यात एवढंच करा, मॅडम

मुलांनी स्वतः हाताळून, स्वतः शोधून शिकायचं, ही पद्धत सुरू करताय ना? मग दुसरीचा वर्ग एकदम मुलांच्या हाती सोडू नका. मी सोडला होता, आठवड्यात घसा बसला! अशा शिकण्याला सुरुवातीला आठवड्यातून दोन तास पुरे.

- साहित्य विकत आणू नका. सरकी, तुरीचे दाणे, चिंचोके चालतात. दहा-दहाच्या पुड्या बांधू द्या. दशक म्हणजे काय ते हातालाच कळतं.
- प्रश्न मुलांचा हवा. आमच्याकडे एकाने विचारलं, घडाच्या सगळ्या फण्यांत केळी तेवढीच असतात का? मग तीन दिवस घरोघरी मोजणी, नोंदी, भांडणं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. गप्प बसणं फार जड गेलं.
- गटात चारच जण.
- मुलं अहिराणीत, म्हणजे घरच्या बोलीत, बोलली तर बोलू द्या.

गोंगाट होणारच. प्रकल्प, मूल्यमापन वगैरे दिवाळीनंतर बघू.